१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी संख्येची कागद-पेन्सिलीने उलटतपासणी

एवढी मोठी संख्या समोर आली की बहुतेकांचा हात थेट कॅल्क्युलेटरकडे जातो. या संख्येच्या बाबतीत नेमकं तेच चुकतं, कारण बरीचशी यंत्रं तिच्याबद्दल चुकीचं उत्तर देतात आणि तेही बिनदिक्कत. उलट कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात तिचं वर्गमूळ, सगळे मूळ अवयव, विभाजकांची संख्या आणि बेरीज, शिवाय द. रा. कापरेकरांनी मांडलेल्या तीन कसोट्यांचा निकाल असं सगळं हाती येतं. लागतात ती बहुतेक पाचवी ते नववीच्या पुस्तकातली हत्यारं. क्रम मात्र पाळायचा: आधी रचना शोधायची, मग भागाकार करायचे.

स्वल्पविराम कुठे द्यायचे

आपल्या पद्धतीने संख्या अशी लिहितात: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी वाचली तर सतरावं स्थान 'मध्य' येतं. म्हणजे १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी आणि तिथून खाली उतरत एककाच्या १ पर्यंत. परार्धाला एकच घर कमी.

हे लिखाण वाचण्यापुरतं ठीक आहे, हिशेबाला हाच गट चालत नाही. वर्गमूळ काढताना उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट लागतात: १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. ७, ११, १३ आणि ३७ च्या कसोट्यांना तीन-तीनचे गट लागतात: १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१. आपल्या स्वल्पविरामांमध्ये शेवटचा गट तिघांचा आणि बाकीचे दोघांचे असल्यामुळे तेच गट वर्गमूळाला वापरले की पहिल्याच पायरीला गाडी घसरते. म्हणून संख्या तीनदा, तीन वेगळ्या ओळींवर लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी अंक मोजा. सतराच भरले पाहिजेत.

यंत्र वापरायचंच असेल तर आधी त्याची परीक्षा घ्या

एक्सेलच्या चौकटीत ही संख्या टाकली की ती १२३४५६७८९८७६५४३०० होते. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. कुठलीही सूचना येत नाही. आधी ' हे चिन्ह टाकून मजकूर म्हणून लिहिली तर अंक टिकतात, पण मग तिच्यावर नेमकं गणित करता येत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये १११११११११ गुणिले १११११११११ केलं तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० दिसतं. दोन विषम संख्यांचा गुणाकार सम आला! याचं कारण असं की तिथल्या साध्या संख्या ६४ बिटांच्या 'फ्लोटिंग पॉइंट' (तरत्या बिंदूच्या) साच्यात साठवल्या जातात आणि त्यात प्रत्येक पूर्णांक नेमका बसण्याची हमी २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच असते. आपली संख्या त्याच्या पुढे आहे. त्या पट्ट्यात फक्त सम संख्या मावतात, त्यामुळे शेवटचा १ गळून पडतो. 'बिगइंट' प्रकार वापरला, म्हणजे संख्येच्या शेवटी एन अक्षर लावलं, की अडचण सुटते.

सी किंवा जावामध्ये धोका वेगळा आहे. १११११११११ ही संख्या ३२ बिटांच्या पूर्णांकात आरामात बसते, तिचा वर्ग बसत नाही. गुणाकार करण्याआधीच ६४ बिटांचा प्रकार घ्यायला हवा. गुणून झाल्यावर उत्तर मोठ्या प्रकारात टाकून काही उपयोग नाही, नुकसान तोवर झालेलं असतं.

पायथॉनचे पूर्णांक कितीही मोठे चालतात, तरी वर्गमूळात सापळा आहेच. ०.५ वा घात घेतला तर १११११११११.० असं बरोबर उत्तर येतं. आता संख्येतून १ वजा करून पुन्हा तेच करा. उत्तर तेच, १११११११११.०. म्हणजे ही 'कसोटी' जी संख्या वर्ग नाहीच तिलाही वर्ग ठरवते. मॅथ मॉड्यूलमधलं आयएसक्यूआरटी हे फलन वापरलं तर पहिल्या वेळी १११११११११ आणि दुसऱ्या वेळी ११११११११० येतं. भागाकारालाही एक तिरकी रेघ न वापरता दोन वापराव्यात.

पूर्ण वर्ग आहे का?

वर्गमूळ काढण्याचे कष्ट घेण्यापूर्वी तीन झटपट चाळण्या लावायच्या. एककस्थानी १ आहे, हे वर्गाला चालतं (२, ३, ७ किंवा ८ असता तर विषय संपला होता). अंकांची बेरीज ८१, तिची पुन्हा बेरीज ९. वर्गांसाठी ही अखेरची बेरीज १, ४, ७ किंवा ९ च येते. शेवटचे चार अंक ४३२१, त्यांना १६ ने भागलं तर बाकी १. वर्गांची बाकी ०, १, ४ किंवा ९ असते. तिन्ही चाळण्यांतून संख्या पार झाली. यावरून ती वर्ग आहे असं सिद्ध होत नाही, फक्त वर्गमूळ काढून पाहणं वाया जाणार नाही एवढं कळतं.

आता भागाकार पद्धत. गट नऊ आहेत, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी असणार. पहिल्या गटातून १ वजा, बाकी ०. पुढे प्रत्येक वेळी आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट करायची, तिच्यापुढे नवा अंक लिहायचा आणि त्याच अंकाने गुणायचं. इथे नवा अंक दर वेळी १ च येतो:

२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

वर्गमूळ १११११११११. एखाद्या पायरीला बाकी त्या वेळच्या मुळाच्या दुपटीहून जास्त उरली तर तिथला अंक लहान घेतला गेलाय असं समजा. दुप्पट करताना शेवटचा अंक दुप्पट करायचा राहून जाणं ही दुसरी नेहमीची चूक. तेव्हा २२१ ऐवजी २११ येतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

ही चढ-उतार येते कुठून

नऊ एकांची संख्या स्वतःशी गुणताना १११११११११ च्या नऊ ओळी, दर वेळी एक घर सरकून, एकाखाली एक येतात. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १, दुसऱ्यात दोन, असं वाढत मधल्या स्तंभात नऊ, मग पुन्हा कमी होत एक. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि स्तंभांची उंचीच उत्तरात अंक बनून उतरते.

ताळा घ्यायला याहून सोपी वाट आहे. १११११११११ ला ९ ने भागलं तर १२३४५६७९ (यात ८ नाही, नजरचुकीने लिहू नका). म्हणून आपली संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९. नऊ नवांनी गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावून मूळ संख्या वजा करणं:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

एका वजाबाकीत ताळा झाला. नऊचा ताळा तेवढाच घेऊन थांबू नका. शेवटी ३२१ ऐवजी २३१ लिहिलं तरी अंकांची बेरीज ८१ च राहते आणि चूक सुटून जाते. ११ चा ताळा ती पकडतो: बरोबर संख्येची ११ ने बाकी १ आहे, अंक उलटलेलीची १०.

मूळ अवयव

अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो हे नक्की. 'बेरजेला ८१ ने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जाणार' ही मात्र भूल आहे. ३ आणि ९ पुरताच तो नियम खरा. १८९९ घ्या: बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९. मोठं उदाहरण हवं तर १८९९९९९९९९, बेरीज ८१, तरी ८१ ने भागल्यावर ९ उरतात. म्हणून एकेक ९ वेगळा काढायचा.

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ९ = १३७१७४२१०९७३९३६९. अंकांची बेरीज ७२, आणखी एक ९ निघतो.
१३७१७४२१०९७३९३६९ ÷ ९ = १५२४१५७८९९७१०४१. बेरीज ६४, आता ३ नेही भाग जात नाही.

म्हणजे ३ चा घात ४, एकही जास्त नाही.

७, ११ आणि १३ साठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. तिघांचे गट उजवीकडून आलटून-पालटून अधिक-उणे करायचे: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघेही बाद. उलटसुलट वाचून सारखीच राहणारी कुठलीही संख्या ११ ने भागली जाते असं पुष्कळदा सांगतात. ते फक्त सम अंकी संख्यांबाबत खरं आहे, आपल्याकडे अंक सतरा आहेत.

३७ ला तेच गट, पण सगळे अधिक (९९९ = २७ × ३७): १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. ३७ सापडला.

इथून पुढे संख्येला भागत बसणं हा निव्वळ श्रमदानाचा कार्यक्रम होईल. वर्गमूळ हाती आहे, त्याचेच अवयव पाडा आणि प्रत्येकाचा घात दुप्पट करा. नऊ एक तीन-तीनच्या गटात मांडले की १११ × १००१००१. पहिल्याचे अवयव ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ × ३३३६६७. एकूण:

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७
१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

आता ३३३६६७ खरोखर मूळ आहे का, हे ठरवायचं. तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये येतं, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. रचना वापरली तर हे काम १७ भागाकारांवर येतं.

३३३६६७ ने १००१००१ ला भाग जातो, म्हणून तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने, त्याला म म्हणू, १० च्या नवव्या घातातून १ वजा केलेल्या संख्येलाही भाग जाईल. १० चा तिसरा घात म ने भागून बाकी १ उरत असती, तर १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ आली असती. भाग पूर्ण जातो, म्हणून म ही ३ च ठरली असती. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तिला ३ ने भाग जात नाही. त्यामुळे ९ हाच असा सर्वांत लहान घात आहे, ज्याला १० ची बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार अशा वेळी म − १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. म विषम असल्याने १८ ने. उमेदवार उरले ते १८ च्या पटीत १ मिळवलेले, आणि त्यातले ५७७ पर्यंतचे मूळ फक्त सतरा. कंसात ३३३६६७ ला भागल्यावर उरणारी बाकी:

१९ (८), ३७ (१), ७३ (५७), १०९ (१८), १२७ (३८), १६३ (६), १८१ (८४), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३७९ (१४७), ३९७ (१८७), ४३३ (२५७), ४८७ (७२), ५२३ (५१६), ५४१ (४११), ५७७ (१६१).

शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ आहे. यादी स्वतः करताना ९१, २१७, २५३, २८९, ३४३, ३६१, ४५१, ४६९ आणि ५५९ यांना मूळ समजू नका. दिसतात तशा, आहेत संयुक्त.

विभाजक

घातांक ४, २, २. प्रत्येकात १ मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते. ती सम आली तर अवयवांत चूक आहे असं खुशाल समजा.

विभाजकांच्या बेरजेसाठी तीन कंस:

१ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१
१ + ३७ + १३६९ = १४०७
१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७

(३३३६६७ चा वर्ग ३२ बिटांत मावत नाही, यंत्रावर करणाऱ्यांनी इथेही सांभाळावं.) तिन्हींचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, जे संख्येपेक्षा कमी आहेत. म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण असण्याच्या, म्हणजे ही बेरीज संख्येइतकीच येण्याच्या, ती जवळपासही नाही.

कापरेकरांच्या तीन कसोट्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिकवत. त्यांचं नाव निघालं की लोक ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वरच थांबतात, पण आपल्या संख्येचा संबंध त्यांच्या दुसऱ्या कामाशी आहे. जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली आणि १, १२१, १२३२१… या कुटुंबाला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं.

डेम्लोची कसोटी अशी: डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, मध्ये ३. आपल्याकडे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, मध्ये ९. उत्तीर्ण. मघाच्या विभाजकांच्या बेरजेत आलेला १२१ सुद्धा याच घरातला, हा निव्वळ योगायोग, पण गोड आहे.

दुसरी कसोटी हर्षद संख्येची: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा. बेरीज ८१ आणि अवयवांत ३⁴, म्हणजे नेमके ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग: १२३४५६७९ चा.

तिसरी जरा विचार करायला लावते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या तयार होते का? होत असेल तर ती पहिली संख्या हिची जनक. जनक नसलेल्या संख्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत, जसं २० किंवा ३१. जनक शोधायला सगळ्या संख्या तपासाव्या लागत नाहीत. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३, म्हणून जनकाचे शेवटचे तीन अंक १६८ ते ३२१ मध्ये असणार आणि पहिले चौदा, म्हणजे १२३४५६७८९८७६५४, जसेच्या तसे. त्या चौदांची बेरीज ७५. शेवटच्या तिघांची बेरीज २० च्या वर जात नाही (२९९ ची २०). एकूण बेरीज ७६ ते ९५ मध्ये आली. शिवाय ती ९ च्या पटीत हवी, कारण संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने बाकी सारखीच असते आणि दोन्ही मिळून ९ चा पट होतो. उरले ८१ आणि ९०. ९० वजा केले तर शेवट २३१, एकूण बेरीज ७५ + ६ = ८१. ९० हवी होती, जमलं नाही. ८१ वजा केले तर शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जमलं.

१२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = १२३४५६७८९८७६५४३२१

जनक एकच निघाला. डेम्लो आहे, हर्षद आहे, स्वयंभू नाही.

काटकोन त्रिकोण

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या मांडता येते का, हे अवयवांवरूनच कळतं. ४ ने भागल्यावर १ उरणारा मूळ अवयव ३७ एकटाच, ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ येते. ३७² = ३५² + १२². उरलेला गुणक १११११११११ ÷ ३७ = ३००३००३. त्याने दोन्ही बाजू वाढवा:

१०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११²

शून्य वगळता हा एकच मार्ग आहे. कर्ण १११११११११ आणि बाकी दोन बाजू पूर्णांकात, असा दुसरा काटकोन त्रिकोण मिळणार नाही.

सरावासाठी पुढची संख्या घ्या, दहा एकांचा वर्ग. मधल्या स्तंभात १० येतात, हातचा दोन घरं पुढे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. उलटसुलट वाचण्याची गंमत गेली. अंकांची बेरीज ८२, सम, आणि संख्या विषम, म्हणून हर्षदही नाही. वर्गमूळाचे अवयव ११ × ४१ × २७१ × ९०९१. ते मिळवायला दहा एकांचे पाच-पाचचे दोन गट पाडा: ११११११११११ = १११११ × १००००१. पहिल्याचे ४१ × २७१, दुसऱ्याचे ११ × ९०९१. ९०९१ मूळ आहे हे दाखवायला वरचीच युक्ती चालते. इथे १० ला १ वर आणणारा सर्वांत लहान घात १० आहे, त्यामुळे उमेदवार १० च्या पटीत १ मिळवलेले, आणि ९०९१ चं वर्गमूळ ९५ च्या पुढे असल्याने ११, ३१, ४१, ६१ आणि ७१ एवढ्या पाचच संख्यांनी भागून पाहायचं.